बायडाबाईची भिंत आणि मंडळाची शाल

आमच्या पाटणात सत्कारावाचून कुणी सुटत नाही. साहेब बदलून आला की सत्कार, बदलून गेला की सत्कार, आणि मधल्या काळात त्यानं काहीच केलं नसेल तर तो एकसष्टीला पोचेपर्यंत वाट पाहून सत्कार. मी इथल्या हायस्कुलात मराठी शिकवतो, साताऱ्याच्या एका दैनिकाला बातम्या पाठवतो आणि नवजागृती तरुण मंडळाचा सल्लागार आहे. त्यामुळे मानपत्रं लिहून लिहून माझ्या बोटांना घट्टे पडलेत. इतक्या वर्षांत अंगाला शाल लावून न घेतलेलं एकच माणूस मला भेटलं. बायडाबाई.

ती कोयनेच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. छप्पन साली घरानं बौद्ध धर्म घेतला तेव्हा ती घरातली नवी सून होती, आणि नव्या सुनेला जी कामं लागतात त्यातलंच एक म्हणून देव्हाऱ्यातले देव टोपलीत घालून नदीला सोडायचं काम तिच्यावर आलं. भीती वाटली का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली की भीती कसली, टोपली जड होती. सदुसष्टच्या भूकंपात घर आणि नवरा दोन्ही एका पहाटे गेले. जखमींच्या तंबूत पाणी वाहता वाहता ती सरकारी दवाखान्यात आया म्हणून चिकटली आणि नोकरीची शेवटची नऊ वर्षं तिनं सांगलीला, दारू आणि गोळ्या सोडवण्याच्या वॉर्डात काढली.

त्या वॉर्डानं तिला जे शिकवलं ते तिथल्या डॉक्टरांनाही शिकता आलं नव्हतं, कारण डॉक्टर पोराला दारापर्यंत पाहत आणि ही त्याला एसटीत बसवून येई. तीन आठवड्यांत पोरगं धुऊन-पुसून लख्ख होई. मग गावाकडची मंडळी त्याला न्यायला येत, आणि स्टँडवरच त्याला परत बाटलीकडे वळवायची तयारी सुरू करत. आई तोंडाचा वास घेई, बाप खिसे चाचपे, चुलता गावभर ऐकू जाईल अशा आवाजात आता तरी सुधार म्हणे. दोन महिन्यांनी तेच पोरगं त्याच खाटेवर. बाईचं म्हणणं असं, की वॉर्ड पोरांना बरं करतो आणि परत बिघडवायचं काम आम्ही घरची माणसं करतो.

निवृत्त होऊन ती पाटणला आली ती त्र्याण्णव साली. दोन खोल्यांचं घर, पुढं लांब पडवी. सहा महिन्यांत त्या पडवीत संध्याकाळी पाच ते सात या वेळात पोरं बसायला लागली. दवाखान्यातून सुटून आलेली, कुणी दारूचं, कुणी गोळ्यांचं, कुणी खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या रिचवणारं. ना भाषण, ना प्रार्थना. बाई प्रत्येकाच्या पुढं पाखडायचं सूप ठेवी आणि मोसमाप्रमाणे घेवडा सोल, शेंगा फोड, चिंचेतले चिंचोके काढ असलं बाजारपेठेतल्या वाण्याकडचं काम देई. पाच ते सात ही वेळ वाईट, या वेळेला हात मोकळा राहिला की तो ओळखीच्या वाटेनं जातो, एवढंच तिचं शास्त्र. आधी मात्र प्रत्येकाला भाकरी खायला लागे. उपाशी पोट आणि रिकामा खिसा यांतलं उपाशी पोट जास्त वाईट, असं ती सांगे. कुणाला कापरं भरलं, कुणी नसलेलं काही पाहून बोलायला लागला, की ती घरगुती उपायांच्या नादी लागत नसे, पहिल्या गाडीनं डॉक्टरकडे नेई.

पडवीच्या आतल्या भिंतीवर प्रत्येकाची एक ओळ होती. सात वाजता उठताना ज्याचा दिवस कोरडा गेला त्याच्या ओळीत बाई चुन्यात बोट बुडवून एक रेघ ओढी. नाव नाही, तारीख नाही. आणि एकच नियम होता. शपथ घ्यायची नाही. घसरलास तर दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या पायानं येऊन सांगायचं. ती कुणाला शोधायला जाणार नाही आणि आलेल्याला बोलणार नाही.

शपथेचा तिला एवढा राग का, ते मला उशिरा कळलं. तिचा धाकटा भाऊ जोतीराम प्यायचा. गावानं त्याला सगळ्यांच्या समोर उभं केलं, आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, टाळ्या वाजवल्या. दोन महिने त्यानं पाळली. मग एका लग्नात मोडली, आणि आता आईला तोंड कसं दाखवू म्हणून घरी आलाच नाही. सहा दिवस ओळखीपाळखीच्या गोठ्यांतून लपत राहिला. सातव्या दिवशी नदीत सापडला. दारूनं न्हाई मेला तो, लाजंनं मेला, असं बाई म्हणाली, आणि हातातली शेंग तिनं दोनदा फोडली.

आता मंडळाविषयी. नवजागृती तरुण मंडळाचे अध्यक्ष आप्पासो हे सोळा वर्षं तरुण आहेत. सत्तेचाळिशी उलटली, केसांना कलप आला, पण मंडळाचं नाव बदलायचं तर नवीन शिक्के करावे लागतील. त्यांचा स्वभाव चांगला, हात सैल, आणि कुठलंही काम ते कार्यक्रमाशिवाय करत नाहीत. झाडं लावायची तर कार्यक्रम, झाडं मेली तर पुढच्या वर्षी तिथंच कार्यक्रम. आणि कार्यक्रम झाला की श्रमपरिहार. परगावच्या वाचकांसाठी सांगतो, श्रमपरिहार म्हणजे खुर्च्या मांडून आणि उचलून थकलेल्या कार्यकर्त्यांनी अध्यक्षांच्या मळ्यात जाऊन मटण खाणं. सोबत घोटभर असतंच. आम्ही शिकलेली माणसं अर्थात पीत नाही. आम्ही घेतो.

शहाण्णव साली मंडळानं गांधी जयंतीला व्यसनमुक्ती मेळावा ठरवला. पाहुणा ठरला, मांडव ठरला, आणि व्यसनमुक्त झालेला माणूस हवा म्हणून शोध सुरू झाला. बायडाबाईच्या पडवीत तो तयार होता. नागसेन, वय चोवीस. ट्रकवर क्लीनर असताना आधी गोळ्या लागल्या, मग दारू. सांगलीला दोनदा राहून आलेला. दुसऱ्या वेळी तिथल्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की याचं यकृत तिसरी खेप सोसणार नाही, परत सुरू झालं तर पोरगं हाती लागणार नाही. आता तो एका सायकलच्या दुकानात पंक्चर काढत होता आणि भिंतीवर त्याची ओळ सगळ्यांत लांब होती. अकरा महिने.

आप्पासोंनी अकरा महिन्यांचं वर्ष करून टाकलं. पत्रिकेवर ‘व्यसनमुक्तीच्या वर्षपूर्तीनिमित्त’ असं छापलं. ते मीच लिहून दिलं होतं. बाईनं आप्पासोंना घरी जाऊन सांगितलं की एवढं करू नका, पोराला निवांत राहू द्या. आप्पासोंना वाटलं, म्हातारीला स्वतःचा सत्कार नाही म्हणून वाईट वाटलंय. त्यांनी तिला खणानारळाचं कबूल केलं. बाई परत आली. नागसेनलाही तिनं विचारलं, पण त्याची आई गेले आठ दिवस भेटेल त्याला पत्रिका दाखवत हिंडत होती. जन्मात पहिल्यांदा त्या आईला पोराचं नाव मान वर करून सांगता येत होतं. नागसेन नाही म्हणू शकला नाही.

आता खरा घोटाळा. दोन ऑक्टोबरला दुकानं बंद असतात, त्यामुळे श्रमपरिहाराचा माल आदल्या दिवशीच आणून मंडळाच्या कार्यालयात ठेवावा लागला. किल्ली कुणाकडे द्यायची यावर बैठकीत तास गेला. नेहमी ती खजिनदार बिराप्पाकडे असे, पण मागच्या वृक्षारोपणाला मटण शिजेपर्यंत अर्धं खोकं आणि पुरता बिराप्पा दोन्ही आडवे झालेले होते. इतरांकडे द्यावी तर इतरांना इतर ओळखून होते. शेवटी आप्पासोंना सुचलं. म्हणाले, आपल्यात एकच माणूस असा आहे जो बाटलीला हात लावणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. इतका बिनतोड विचार मंडळात त्याआधी कुणी मांडला नव्हता.

आणि अशा रीतीनं नागसेनच्या हातात दारूची किल्ली आली.

त्यानं ती रात्रभर सांभाळली. बाटलीचं बूच हललं नाही. सकाळी अकराला त्याला भगवा फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. पाहुण्यांनी पाऊण तास भाषण केलं आणि व्यसनमुक्तीचा ध्वज आता या तरुणाच्या हाती आहे असं सांगितलं. ते खोटं नव्हतं, फक्त हातात ध्वज नव्हता, किल्ली होती. बाई मागच्या रांगेत बसली होती. जाताना तिनं नागसेनला पाचला यायला सांगितलं. येतो मावशी, तो म्हणाला; पडवीतली सगळी पोरं तिला मावशीच म्हणत.

मळ्यात आम्ही सतरा जण होतो. खोकी नागसेननं मळ्यातल्या झोपडीत वाहिली, पेले त्यानं धुतले, ओतायलाही तोच, कारण त्याचा हात स्थिर होता आणि तो कुणाला जास्त घालत नव्हता. त्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. याला म्हणतात मनोनिग्रह, असं मीच पेला पुढं करत म्हणालो. चारच्या सुमारास तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, “सर, मी जाऊ का? पाचला मावशीकडं जायचं हाय.” मी त्याला सांगितलं की जा की, पण जाताना झोपडीतून एक बाटली तेवढी आणून दे.

तो झोपडीत गेला. बाहेर आला नाही.

सहाला बिराप्पा बघायला गेला तेव्हा नागसेन पोत्यांवर पडला होता, दीड बाटली रिकामी होती आणि फेटा अजून डोक्यावर होता. त्या प्रसंगी मंडळाला धक्का बसला. विश्वासघात हा शब्द मी त्या संध्याकाळी निदान नऊ तोंडांतून ऐकला, आणि त्यातली बरीच तोंडं तो नीट उच्चारू शकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पेपरात माझी बातमी आली. ‘व्यसनावर मात करणारा नागसेन’. फोटोसकट. ती मी कार्यक्रम संपल्या संपल्या साताऱ्याला फोनवर सांगितली होती, दुपारचं काही त्यात नव्हतं. सकाळी नागसेन शुद्धीवर आला, कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये स्वतःचा फोटो पाहिला आणि नाहीसा झाला.

तीन तारखेला तो बाईकडे आला नाही. चारला नाही. पाच तारखेला मंडळाची नोटीस निघाली: सात तारखेला खास बैठक, विषय, सत्कार रद्द करून शाल परत घेणे. पेपरात खुलासा देण्याचं काम माझ्याकडे. त्याच संध्याकाळी बाई माझ्या दारात उभी राहिली. कधी न येणारी. नागसेनची सख्खी मावशी कोयनानगरच्या कॉलनीत राहते म्हणतात, तिचं बिऱ्हाड तुम्हाला माहीत आहे का, असं तिनं विचारलं. मला माहीत होतं. मी तिला नियमाची आठवण करून दिली, की तुम्ही तर कुणाला शोधायला जात नाही.

“आजचा चौथा दिस हाय, मास्तर,” ती म्हणाली. “जोतीरामला सात लागलं हुतं.”

सहा तारखेला आम्ही पहिल्या एसटीनं गेलो. सगळ्या वळणांवर बाई पुढच्या दांडीला धरून बसली होती. मळ्यातली बाटली कुणी मागवली होती ते मी तिला वाटेतलं हेळवाक गाव येईपर्यंत सांगायचं ठरवलं होतं. हेळवाक आलं आणि गेलं. कॉलनी दिसायला लागली तेव्हा सांगितलं. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाटतं, ते तिला आधीच माहीत होतं.

नागसेन मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. दोन दिवस आणखी प्यालेला, मग मावशीनं पैसे बंद केल्यावर थांबलेला. बाईनं त्याची नाडी बघितली, डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितली, हात पुढं करायला लावून थरथर बघितली. मग आधी त्याला कॉलनीतल्या डॉक्टरकडे नेलं, सुई झाली, गोळ्या घेतल्या, भात खायला घातला, आणि नंतरच बोलायला बसली. म्हणजे तीही बोलली नाही. बोलला तो.

“पेपरात नाव आलंय मावशी. आई सगळ्यास्नी दाखवत हिंडली. आता कुठल्या तोंडानं येऊ?” आणि मग, “भिंतीवरची माजी वळ पुसली असशील.”

“का पुसू?” बाई म्हणाली. “ते अकरा म्हयनं तू प्याला न्हवतास. आता प्यालास म्हणून ते दिस खोटं झालं व्हय? ते तुजं हायत. खाली नवी वळ धरायची, एवढंच.”

पोरगं गुडघ्यात डोकं घालून रडलं. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. मला लाज वाटत होती, आणि ती शिकलेल्या माणसाला वाटते तशी नव्हती, साधी, कान तापवणारी होती.

निघताना बाईनं त्याला एवढंच सांगितलं, की मंडळवाले शाल मागतायत. ती कुणाच्या हातानं पाठवू नकोस. लपवून ठेवलेली वस्तू माणसाला लपवते, तुझी तू नेऊन दे.

सात तारखेला दुपारी चारला बैठक भरली. सतरा जण हजर, मी कॅरमबोर्डाशेजारी इतिवृत्ताची वही उघडून बसलेला. आप्पासोंनी प्रास्ताविक केलं. मंडळाची तालुक्यात नाचक्की झाली, पाहुणे काय म्हणतील, ज्याच्यावर किल्लीचा विश्वास टाकला त्यानंच दगा दिला. बिराप्पानं ठराव मांडला. किल्लीच्या बाबतीत दुखावलेला तोच सगळ्यांत जास्त होता. ठरावाला अनुमोदन मिळत होतं तेवढ्यात नागसेन आत आला.

दाढी केलेली, शर्ट धुतलेला, चेहरा पांढराफटक. हातात शाल, घडी घातलेली, तिच्यावर फेटा. दाराशी बायडाबाई थांबली, आत आली नाही. त्यानं शाल कॅरमबोर्डावर ठेवली.

“मी प्यालो,” तो म्हणाला. “मळ्यात प्यालो, नंतर दोन दिस प्यालो. कुणी पाजली न्हाई, माज्या हातानं प्यालो. शाल परत आणलीया.”

आप्पासोंनी मोठ्या मनानं मान हलवली आणि शालीकडे हात नेला.

“थांबा आप्पा,” नागसेन म्हणाला. “ही शाल न पिणाऱ्याची हाय, तुमीच म्हणाला हुता. तवा आसं करा. दोन तारखेला मळ्यात जो प्याला न्हवता, त्यानं ती उचलावी.”

आप्पासोंचा हात शालीपासून वीतभर अंतरावर थांबला. तिथंच थोडा वेळ राहिला आणि मग काहीतरी आठवल्यासारखा कलप लावलेल्या केसांतून फिरला. बिराप्पानं पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता. कुणी घसा साफ केला, कुणी बाहेर मोटारसायकल नीट लावली आहे ना ते खिडकीतून पाहिलं. मग एकेक करून सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मी मास्तर, चष्मेवाला, आणि मंडळात कधी अडचण आली तर शुद्ध मराठीत तिच्यातून बाहेर काढायचं काम माझं. मी वहीत बघितलं. ठरावाच्या खाली मी ‘सर्वानुमते’ असं आधीच लिहून ठेवलं होतं.

नागसेननं जरा वाट पाहिली. त्याच्या आवाजात चिडणं नव्हतं, त्यानं खरंच विचारलं होतं. मग घड्याळाकडे बघून म्हणाला की पाच वाजत आले, मला घेवडा सोलायला जायचं आहे. आणि गेला. बाई त्याच्या मागं गेली.

बैठक ठराव न होता संपली. खुलासा मी पाठवला नाही. मंडळात माझं हे एकमेव भरीव काम.

हे सगळं लिहितोय तेव्हा नव्व्याण्णव साल सरत आलंय. मंडळ अजून तरुण आहे. शाल त्याच जागी आहे, कॅरमबोर्डावर धूळ बसू नये म्हणून पांघरतात, चांगली दाट आहे. सत्काराला कधी एक शाल कमी पडली की बिराप्पा तिच्याकडे बघतो, पण दोन्ही हातांनी उचलून कुणाच्या खांद्यावर घालायला कुणी धजत नाही.

बायडाबाईचे गुडघे गेले. ती आता खाटेवर बसून सूप वाटायला सांगते आणि चुन्याचं काम नागसेन करतो. त्याची जुनी ओळ आहे तशी आहे, अकरा महिन्यांपाशी थांबलेली. खालची ओळ तिला केव्हाच मागं टाकून कोपऱ्यावरून वळून चुलीच्या भिंतीला लागली आहे.

दाराआड, कुणाला सहज दिसू नये अशा जागी, खालच्या अंगाला आणखी एक ओळ आहे. सात तारखेच्या त्या बैठकीनंतर पाच वाजता मीही पडवीत जाऊन बसलो होतो. बाईनं काही न विचारता माझ्यापुढं सूप ठेवलं, आणि सातला बोट चुन्यात बुडवून, कुठं ओढू, एवढंच विचारलं. मी दाराआडची जागा दाखवली. या तीन वर्षांत ती ओळ चारदा तुटली. चारही वेळा मी सकाळी जाऊन सांगितलं, आणि चारही जुने तुकडे भिंतीवर तसेच आहेत.